कोरडी दाढ

“बाबा, मोठा आ करा.”

जन्मभर दुसऱ्यांच्या दाढा भरणारे बाबा आज माझ्यासमोर खुर्चीत आडवे होते. मीही दातांची डॉक्टर झाले, तरी आपल्या पेशंटना ते मला हात लावू देत नव्हते. बाहेर गोदाक्का त्यांचीच वाट बघत बसल्या होत्या.

दाढ कोरडी करून मी पहिला थर दिला, तोच लाळ अडवायला ठेवलेला कापूस बाबांच्या जिभेने सरकला. लाळ आत गेली. ‘चालेल’ असं त्यांनी हातानेच खुणावलं.

“अजिबात नाही. ओल्यावर भरलेलं टिकत नाही.” मी सगळं कोरून काढलं, दाढ पुन्हा कोरडी केली आणि थरावर थर देत नव्याने भरली.

भरलेली दाढ उंच तर लागत नाही ना, ते निळा कागद चावून बघून बाबा उठले. “जीभ मुद्दाम हलवली होती,” म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.

“गोदाक्का, जा. डॉक्टर आत आहेत.”