उरलेले तास

“एक रात्र द्या साहेब. उद्या सकाळी मी स्वतःच्या हाताने बंद करतो.”

“मुदत आज संध्याकाळी संपते,” फोनवरून प्रदूषण खात्याचे साहेब म्हणाले. “तास संपले की बॉयलर बंद. तसं ठरलेलंच आहे.”

बॉयलर इन्चार्जने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. कंट्रोल रूमच्या काचेतून त्याला ते जुनं धूड दिसत होतं. निम्मं गाव त्याच्या वाफेवर ऊब घ्यायचं. शाळा, बाजारातली दुकानं, टेकडीखालचा दवाखाना. धूर मात्र सगळ्या गावाला मिळायचा, त्यात दुजाभाव नव्हता.

प्रदूषणाचा नवा नियम आला तेव्हा सरकारने कंपनीपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. धुराड्याला महागडी गाळणी बसवा, नाहीतर ठरवून दिलेले तास चालवा आणि मग कायमचं बंद करा. कंपनीने दुसरी वाट धरली. नवा बॉयलर थंडीच्या आधी येणार होता. तो अजून कुठल्याशा बंदरात पडून होता, आणि त्याबद्दल विचारलं की कंपनीचे मोठे लोक नेमके मीटिंगमध्ये असायचे. धुराड्यावरचं मीटर मात्र कुठेही अडकलं नाही. ते तास मोजत होतं आणि थेट प्रदूषण खात्याच्या कचेरीत कळवत होतं.

“दवाखान्यातले पेशंट हलवतायत,” इन्चार्ज म्हणाला. “पण छातीच्या वॉर्डातल्या काही जणांना हलवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, वाटेतच जातील. आणि तिथे ठेवले तर ही थंडी सोसणार नाही. माझी आई आहे त्यांच्यात.”

“अर्जात वाचलं मी.”

“मग?”

“त्यांची छाती कशाने गेली, तेही लिहायचं होतं अर्जात.”

इन्चार्जच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोरमन शेजारी उभा होता आणि खात्याशी झालेलं प्रत्येक बोलणं टेप होत होतं, म्हणून त्याने जीभ आवरली. आईचं सगळं आयुष्य धुराड्याखालच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. दोरीवरचे कपडे ती आधी झटकायची आणि मग घडी घालायची. हे त्याला कोणी फोन करून सांगायला हवं होतं?

“चुकलं असेल आमचं,” तो म्हणाला. “पण थंडी तिला वाजणार आहे.”

“माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने कदाचित परवानगी दिलीही असती.”

“तेही ठाऊक आहे मला.”

“मी नाही देऊ शकत. अर्ज मी वर पाठवलाय. वरचे लोक सोमवारी बसतील. आईंचा पलंग खिडकीपासून हलवून घ्या. लोकरीचे मोजे घालायला सांगा.”

फोन बंद झाला.

“मोजे!” फोरमनने कपाळावर हात मारला. “हा माणूस आहे की दगड? याला आई आहे की नाही?”

“असेल ना,” इन्चार्ज म्हणाला.

“मीटरची तार काढू का? उंदरांनी कुरतडली म्हणून सांगू. आपले उंदीर तसे आज्ञाधारक आहेत.”

इन्चार्जला हसू आलं, आणि हसता हसता त्याचं लक्ष खरंच त्या तारेकडे गेलं. काळी, बोटाएवढी जाड. एक पक्कड पुरली असती. सकाळपासून हा विचार त्याने किमान दहा वेळा मनातून हाकलला होता.

“नको,” तो म्हणाला. “तार तुटली की पहिली चौकशी साहेबाची होईल.”

“होऊ दे की! आपल्या बापाचं काय जातंय?”

इन्चार्ज खाली भट्टीपाशी गेला आणि दार उघडून उगाचच आत बघत राहिला. इतकी आग समोर होती आणि त्यातली मूठभरही आईच्या पलंगापर्यंत नेता येत नव्हती. त्याला रडावंसं वाटलं. त्याने दार लावलं.

संध्याकाळी खटका त्यानेच खाली ओढला. कामगार टोप्या हातात घेऊन उभे राहिले. पंखे थांबले, मग पाइपांची घरघर थांबली, आणि एवढ्या वर्षांत कोणी न ऐकलेली शांतता प्लांटभर पसरली.

दवाखान्यात तो पोहोचला तेव्हा वाफेचे हीटर गार पडले होते. विजेच्या शेगड्या लावल्या की फ्यूज उडत होता. नर्स स्वेटरवर स्वेटर घालून फिरत होती.

“जेवढी पांघरुणं होती तेवढी दिली,” ती म्हणाली. “आता माझ्या हातात काही नाही हो.”

आईचा पलंग भिंतीकडे सरकवलेला होता. तिच्या अंगावर दोन ब्लँकेटं होती, त्यावर कोणाचा तरी जाड कोट होता. पायथ्याशी स्टुलावर एक माणूस नुसत्या शर्टात कुडकुडत पाठमोरा बसला होता. आईची पावलं मांडीवर घेऊन तो ती चोळत होता.

इन्चार्ज दारातच थबकला. मग पुढे होऊन त्याने आपला तेलकट कोट काढला आणि त्या कोटावर पसरला. स्टुलावरच्या माणसाने वर पाहिलं नाही.

आईने डोळे किलकिले केले. दोघांना बघून तिचा चेहरा उजळला. प्रत्येक शब्दाला तिला धाप लागत होती.

“धाकट्या,” ती स्टुलाकडे बघून म्हणाली, “तू त्या धुराड्यांच्या खात्यातला एवढा मोठा साहेब. सांग की तुझ्या दादाला, भट्टी जरा वाढव म्हणावं. तुझं ऐकेल तो.”