अंधारातली चढाई

"परत धूर!" मैदानाच्या कडेला फोनमधला व्हिडिओ बघत गुणाजी ओरडले. "माणूस नायच यात. नुसता धूर!"

अक्षय कबड्डीची चढाई अर्धवट टाकून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून तो घरी न जाता थेट निडीच्या मैदानावर आला होता. ही त्याची कितवी चढाई, कोण जाणे.

दिवेलागण होऊन गेली होती. खांबावर एकच दिवा, तोही मरतुकडा. पेणच्या दुकानदाराने, "काका, अंधारात धावता उंदीरसुद्धा टिपेल," असं सांगून हा फोन गुणाजींच्या गळ्यात मारला होता. उंदराचं माहीत नाही, पण त्यांचा मुलगा काही त्यात सापडत नव्हता.

मुंबईच्या एका कंपनीला आपल्या कबड्डी संघांसाठी खेळाडू हवे होते. खेळाचा व्हिडिओ आजच पाठवायचा होता. निवड झाली तर कायमची नोकरी. गुणाजींचा सगळा जन्म कंत्राटावर गेला होता; पोराचंही तसंच होणार, या धास्तीने त्यांना झोप नव्हती.

गावातली बाकीची पोरं सेकंड शिफ्टला गेलेली. पकडायला समोर कोणीतरी हवं म्हणून त्यांनी अक्षयच्या धाकट्या बहिणीला, नूतनला, भाकऱ्या थापताना उठवून आणलं होतं.

"बाबा, दादा लय जोरात येतो," ओढणी कमरेला घट्ट बांधत नूतन म्हणाली. "त्याला हळू यायला सांगा."

"कबड्डी हाय का वरात?" अक्षय वैतागला.

"गप रं! ती सांगते ते ऐक." गुणाजींनी फोन विटेला टेकवला. तो घसरला. त्यांनी शिवी हासडून पुन्हा टेकवला. "हळू ये."

अक्षय हळू आला. नूतनने घोटा धरून त्याला आडवा केला.

"तोंड अजून हलतंय. आणखी हळू!"

"आणि मी काय करू?"

"तू कर काय ते. तुला कोण बघतंय?"

अक्षय पुन्हा आला, पुन्हा आडवा झाला. गुणाजी पार मेटाकुटीला आले तेव्हा कुठे एकदाचा स्वच्छ व्हिडिओ निघाला. अक्षयच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता.

"पाठव गो बाय," म्हणत त्यांनी फोन नूतनच्या हातात दिला. ते काम घरात तिलाच जमायचं. खाली पाठवणाऱ्याचं आणि बाबांचं नाव घालून तिने तो तिथेच उभ्याने पाठवून टाकला.

दोन दिवसांनी कंपनीच्या प्रशिक्षकांचा फोन आला. गुणाजींनी सगळ्यांना हाका मारून स्पीकर लावला.

"व्हिडिओ एकदम स्पष्ट आहे हो, गुणाजीराव."

"अंधारात काढलाय, साहेब!" गुणाजी फुगले.

"खेळ आवडला आम्हाला. निवड पक्की समजा."

गुणाजींचे डोळे भरून आले. त्यांनी अक्षयच्या पाठीत जोरात थाप मारली.

"शनिवारी नूतनला महिला संघाच्या सरावाला घेऊन या," प्रशिक्षक पुढे म्हणाले, "आणि तिच्यासमोर तो जो कोण चढाई करतोय ना, त्याला जरा पळायला शिकवा."