जोडीतला पेला

आमचे कुसाकाबे जन्मभर सिनेमात हिरोचे काका नाहीतर हवालदार झाले. नव्या सिनेमात ते विधुर आहेत, बायको फक्त फोटोत. सकाळी चहाला ते सवयीनं जोडीचे दोन्ही पेले काढतात, नवऱ्याचा मोठा, बायकोचा लहान. मग थबकतात आणि लहान पेला परत फळीवर ठेवतात. बस, एवढंच. शेजारच्या ओगिनोबाईंनी रडून दोन रुमाल भिजवले. मी मात्र त्या फोटोतल्या बाईवर जळत घरी आले. आमच्या घरात पेले कुठे असतात ते तरी यांना ठाऊक आहे का?

"हे कुणी शिकवलं हो? दिग्दर्शकानं?" मी विचारलं.

"कुणी नाही," ते म्हणाले. "तू अठरा दिवस दवाखान्यात होतीस ना, तेव्हा रोज सकाळी माझं असंच व्हायचं."