आवाजाची नस

उंब्रजच्या धोंडुबाईच्या गळ्यातली गाठ काढायची होती, पण आवाजाची नस नेमकी गाठीला चिकटलेली! "घाबरू नका आबा, नवा कॅमेरा आलाय. त्याच्या उजेडात नस लख्ख चमकते, धक्का लागणार नाही," असं कराडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तर तानाजीआबांनी बायकोला हट्टानं तयार केलं. पार उसाच्या रानाच्या टोकाला ऐकू जायची तिची हाक. ती हाकच गेली तर?

ऑपरेशननंतर धोंडुबाई शुद्धीवर आली. डॉक्टर वाकून म्हणाल्या, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू."

"धोंडुबाई..." आणि पुढं शब्दच नाही.

"परत एकदा?"

"धोंडुबाई..." पुन्हा तिथंच अडलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. पलंगाची दांडी धरून आबा लहान पोरासारखे रडायला लागले, "माझंच चुकलं गं! म्याच तुला हितं आणलं. बोल की, पाया पडतो तुझ्या!"



धोंडुबाईनं डॉक्टरांना जवळ ओढलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "आवं बाई, म्होरं ह्यांचं नाव येतंय, आदी ह्यांना भाईर काढा की!"