अकरा जणींचा रविवार

भानुमती गेली, हे डॉक्टरांनी पद्मनाभला सांगितलं तो रविवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात वाजत होता. त्याने सवयीने उचलला.

"अक्का, आज तुमचा फोन नाही आला. पट्टी बदलू ना?" हिनकलची रजनी विचारत होती.

"बदल," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुझी अक्का आत्ताच गेली, अम्मा."

भानुमती एका संस्थेच्या पाहणीचं काम करायची. पाळणा लांबवण्यासाठी दंडावर नाहीतर पोटावर चिकटवायची पट्टी संस्थेने अकरा बायकांना दिली होती. आठवड्याला एक, अशा तीन. चौथा आठवडा मोकळा. दर रविवारी भानुमती फोनवर आठवण करून द्यायची आणि वहीत लिहायची: आधी काय वापरत होतीस, त्यापेक्षा हे बरं का, समाधान पाचापैकी किती.

पद्मनाभ कडकोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. असल्या गोष्टी तो बायकोशीही कधी मोकळेपणी बोलला नव्हता. पण तेराव्यानंतरचा रविवार आला आणि त्याला बसवेना. एखादी विसरली आणि तिला दिवस गेले तर? भानुमतीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्याने वही उघडली.

रजनी पूर्वी गोळ्या घ्यायची, पण रोज विसरायची. वेदवतीला तांबी सोसली नव्हती, अंगावर फार जायचं. पट्टीलाही नावं ठेवलेली होती. वाणीच्या दंडाला खाज सुटायची. अगरबत्तीच्या कारखान्यात घामाने पट्टीची कड उचलायची आणि तिला काळी भुकटी चिकटायची. कुणी दोन दिले होते, कुणी तीन.

त्याने आधी रजनीला फोन लावला.

"मी... आज रविवार आहे."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"बदलली, अण्णा," रजनी म्हणाली. मग हळूच, "ऊट आयता?"

"जेवलो. समाधान किती लिहू?"

"पाच लिहा."

त्या दिवसापासून सगळ्याच पाच सांगू लागल्या. वाणीची खाज गेली. कड उचलेनाशी झाली. कंपनीने डिंक सुधारला असावा, असं पद्मनाभला वाटलं.

हळूहळू फोन लांबले. आज जेवायला काय केलंत, हे वेदवती दर वेळी खोदून विचारायची.

"वाटीभर डाळीला चार चमचे तिखट सारपुडी मसाला? अण्णा, जिभेशी काय वैर आहे तुमचं?"

वाणी तर फोन मुलीकडे द्यायची आणि मुलगी पाढे म्हणून दाखवायची. अकरावा फोन होईपर्यंत दुपार व्हायची.

एकदा वेदवती म्हणाली, "बदलली, अण्णा."

त्याने वहीत बघितलं. "हा तुझा मोकळा आठवडा. आज लावायची नसते."

"हो की. काढते हं," ती हसली. "तुम्ही आहात म्हणून बरं."

त्या दिवशी तो भानुमतीच्या फोटोसमोर जरा ताठ बसून जेवला.

वर्षश्राद्ध झालं. वही भरली. ती देऊन नवी आणावी म्हणून शनिवारी तो बन्नीमंटपजवळच्या संस्थेत पहिल्यांदाच गेला. तिथल्या नर्सने, सौम्याने, पानं उलटली.

"हे काय, अण्णा?"

"अकरा जणींचं. तेराव्यापासून एक रविवार चुकलेला नाही. कुणालाही दिवस गेले नाहीत."

सौम्या पाचांच्या रांगांवरून बोट फिरवत राहिली.

"अण्णा, अक्का गेल्या त्याच आठवड्यात ही पाहणी बंद झाली. उरलेल्या पट्ट्या मी स्वतः घरोघरी जाऊन परत आणल्या, अकराही जणींच्या. रजनी पुन्हा गोळ्या घेते. वेदवतीने तर दसऱ्याआधीच ऑपरेशन करून घेतलं."

पद्मनाभने वही परत घेतली आणि काखेत धरली. उद्या रविवार होता. अकरा फोन करायचे होते.