उतारावर आई

कॉलेज सुटल्यावर तीस वर्षांनी आईने पुन्हा स्केटबोर्ड हातात घेतला. बागेतल्या सिमेंटच्या उतारावर पहिल्याच फेरीत ती दाणकन आपटली.

"पुरे झालं! वय काय तुझं?" मी धावले.

"बावन्न. हो बाजूला."

तिसऱ्यांदा पडली तेव्हा कोपर चांगलंच सोललं. आई तिथेच फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"खूप दुखतंय का गं?"

"कोपर दुखतंय," ती म्हणाली आणि आणखीच रडली.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. भेटायला आलेले सगळे रडून गेले. आईने त्यांना पाणी दिलं, पण स्वतः टिपूस गाळलं नव्हतं.

'घरी चल' ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"आई, अजून एक फेरी मार."