कपाळावरची आठी

"भुवया वर घ्या, बाई."

नाटकातल्या ऐंशी वर्षांच्या सासूचा मेकअप काका नेहमी असाच सुरू करत. बाईंनी कपाळाला आठ्या घालायच्या आणि आठी पडेल तिथेच काकांनी तपकिरी पेन्सिल फिरवायची. बाई होत्या सत्तेचाळीस वर्षांच्या. म्हातारपण कुठून येणार ते चेहराच सांगतो, असं काकांचं म्हणणं.

आज भुवया जेमतेम हलल्या. कपाळ कोरंच राहिलं.

"घेतल्या की," बाई म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत नाटकातली सून केस विंचरत होती, ती हसली. दोन महिने सगळे बाईंना विचारत होते, कसलं क्रीम लावता ते आम्हालाही कळू द्या. रेघ नीट बसत नाही म्हणून काकांनी तर पेन्सिलला दोष देऊन परवा नवी आणली होती.

त्यांनी ओठांचा चंबू करायला सांगितलं. ओठांभोवतीही काही उमटलं नाही. मग त्यांनी बाईंच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती सुटून येईना. बोटं सुजून गुळगुळीत झाली होती आणि एसीच्या गारठ्याने त्यांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती. काकांनी विचारलं, जेवण घशाशी येतं का, जिना चढताना धाप लागते का. बाईंनी दोन्हींना मान डोलावली आणि खापर जागरणांवर फोडलं.

"माझ्या थोरल्या बहिणीचं अस्संच झालं होतं," काका हळू म्हणाले. "स्क्लेरोडर्मा म्हणतात. आधी कातडी ताठरते, मग तेच फुप्फुसांत उतरू शकतं. आम्हीही तिला म्हणायचो, तरुण दिसायला लागलीस. तीन वर्षं म्हणत राहिलो."

सुनेचा कंगवा थांबला.

दौरा संपला की दाखवते, असं बाई म्हणाल्या. दौरा पंचवीस दिवसांचा होता आणि बस उद्या पहाटेच सुटणार होती. बहिणीच्या डॉक्टरांचा नंबर लिहून काकांनी कागद आरशासमोर ठेवला. पेन्सिल मात्र उचलली नाही.

पहिली घंटा झाली. बाईंनी मॅनेजरला बोलावून घेतलं आणि दौऱ्यासाठी दुसरी सासू शोधायला सांगितलं. तो बराच वेळ कुरकुरला, मग फोन कानाला लावून बाहेर गेला.

"काढा आता," बाई आरशात बघत म्हणाल्या.

"कुठे काढू?"

"कुठेही. पण भरपूर काढा, काका. ऐंशीची झालेली मी मला नीट बघू द्या."